गड्डा यात्रेच्या दिवसांत गरोदर स्त्रीने काय सांभाळावे

सोलापुरात संक्रांत म्हणजे सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, आणि सातवा-आठवा महिना नेमका त्याच दिवसांत आला की घरात एकच प्रश्न निघतो: तिला जाऊ द्यावे की नाही? डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल, तर माझ्या मते जरूर जाऊ द्यावे, पण वेळ निवडून. अक्षता सोहळ्याची आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीची दाटी टाळावी. होम मैदानावर गर्दी वाढण्याआधी, सपाट चप्पल घालून, सोबतीला कोणीतरी घेऊन जावे आणि पाळण्यात मुळीच बसू नये. शोभेच्या दारूकामाच्या रात्री धुरापासून दूर घरीच थांबलेले बरे.

खरी काळजी हळदीकुंकवाच्या फेऱ्यांत घ्यावी लागते, कारण पाच घरी गेले की आग्रहाने पाच कप चहा होतो आणि चहामुळे लोह अंगी लागत नाही. म्हणून लोहाची गोळी चहा-दुधापासून निदान दोन तास दूर ठेवून लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी खुशाल खावी. गरोदरपणातला मधुमेह असेल, तर तिळगुळाची वडी नाकारू नये, रुमालात बांधून घरी आणावी. कोणी वाईट वाटून घेत नाही.

मिरवणुकीमुळे रस्ते बंद असतात, तेव्हा दवाखान्याची पर्यायी वाट आधीच ठरवून ठेवावी. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही जाणवल्यास सण बाजूला ठेवून ताबडतोब 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.