पॉवर वीडर चालू होत नाही? आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढा

शेतकरी मित्रांनो, मृग तोंडावर आलाय. 75 ते 100 मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका हे सगळेच सांगतायत आणि ते बरोबरच आहे, पण पेरणीनंतर 15-20 दिवसांनी ज्या वीडरने (तण काढायच्या इंजिनवाल्या मशीनने) कोळपणी करायची तो आत्ता शेडमध्ये कसा उभा आहे हे कुणी विचारत नाही. मी विचारतो. मागच्या हंगामात काम संपल्यावर टाकीतलं पेट्रोल काढलं होतं का? नसेल तर आज संध्याकाळीच काढा, उद्यावर ढकलू नका.

लातूर भागात सोयाबीनच्या रानात दरवर्षी हेच बघतोय. पाऊस उघडतो, दोन दिवस ऊन पडतं, वाफसा येतो, म्हणजे रान काम करण्याइतकं सुकतं, माणूस मोठ्या उमेदीने वीडर बांधावर नेतो आणि दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, मशीन साधं फुरफुरतसुद्धा नाही. मेकॅनिक त्या दिवशी मिळत नाही, कारण अख्ख्या गावाची मशीनं एकाच सकाळी बंद निघालेली असतात. तिसऱ्या दिवशी परत झड लागते आणि मग आठ-दहा दिवस रानात पाय ठेवता येत नाही. आमच्या शेजारच्या काकांचं तीन एकर असंच गेलं. केना हे तण पिकाच्या वर निघालं, नंतर बायका लावून खुरपून घेतलं पण तोवर सोयाबीन सावलीत वाढून काडीसारखं झालं होतं, शेंगा नावालाच लागल्या. मशीनमध्ये बिघाड काय निघाला, तर कार्बोरेटरच्या (इंजिनाला पेट्रोल-हवा मिसळून देणाऱ्या भागाच्या) वाटीत बोटाला चिकटणारी हिरवट राळ. बाकी इंजिन ठणठणीत होतं.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ओल वाढत गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतं, आणि इंजिनाला पेट्रोल जातं ते तळातूनच. वाटीतलं हलकं पेट्रोल उन्हाळ्यात उडून जातं, मागे चिकटा राहतो, मेन जेटचं, म्हणजे ज्यातून पेट्रोल वर जातं त्या पितळी तुकड्याचं, भोक सुईच्या टोकाएवढं, ते बुजायला कितीसा वेळ लागतो. खात्री करायची असेल तर टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पंधरा मिनिटं हलवू नका. खाली वेगळा थर किंवा थेंब दिसला, रंग कोऱ्या चहासारखा झाला असेल, किंवा पेट्रोलऐवजी जुन्या पॉलिशसारखा आंबूस वास आला, तर ते पेट्रोल गेलं. माझा स्वतःचा अंदाज असा की दिवाळीपासून पडून असलेलं पेट्रोल न बघताच काढलेलं बरं. विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका.

काम करताना मशीन उघड्यावर घ्या, इंजिन थंड असू द्या, जवळ बिडी-काडी नको. कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) बंद करा, वाटीखालचा बोल्ट सोडा (बहुतेक 7 एचपी मशीनला 10 नंबरचा पाना लागतो), वाटी पुसून घ्या. मधला मेन जेट काढून उजेडाकडे धरा, आरपार गोल उजेड दिसला पाहिजे. बुजला असेल तर वायरमधली तांब्याची एकच तार घालून साफ करा. टाचणी किंवा स्टीलची तार घालू नका, भोक मोठं झालं की मशीन कायम काळा धूर टाकतं. ताजं पेट्रोल अर्धा लिटरच टाका, कॉक सोडून एक मिनिट थांबा, चोक लावा, मग ओढा.

तरीही नाही झालं तर प्लग काढून बघा. कोरडा असेल तर पेट्रोल वरपर्यंत येतच नाही, परत जेट आणि कॉकखालची जाळी बघा. ओला असेल तर जास्त पेट्रोल झालंय, कॉक बंद, चोक उघडा, थ्रॉटल पूर्ण, प्लग पुसून बसवा आणि सात-आठ वेळा ओढा. प्लगची गॅप साधारण 0.7 ते 0.8 मिलीमीटर, हॅक्सॉ ब्लेड जराशी सैल जाते तेवढी. बऱ्याच मशीनला ऑइल कमी असेल तर करंटच तुटतो, म्हणून मशीन सपाट जागेवर ठेवून ऑइल बघा, उतारावर बघाल तर फसाल. चालू होऊन पाच मिनिटांत बंद पडत असेल तर टाकीचं झाकण सैल करून बघा, झाकणाचं हवेचं भोक मातीने बुजलेलं असतं. आणि सायलेन्सरच्या तोंडात एकदा टॉर्च मारा, कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं मी दोनदा काढलंय. उंदराने वायर कुरतडली का तेही बघा.

यातलं काहीच न बघता दुकानदार म्हणेल कार्बोरेटर नवा टाका, सोबत पेट्रोलमध्ये टाकायची ती रंगीत बाटली घ्या. घाई करू नका. आधी जेट स्वतः साफ करा, दहातल्या आठ मशीनचं काम तिथेच होतं असा माझा अनुभव आहे. बाटलीने वाटीतली राळ निघालेली मी अजून बघितलेली नाही.

बाकी नेहमीचं:
– ऑइल: 7 एचपीला साधारण 600 मिली, पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं
– नव्या मशीनचं पहिलं ऑइल 20 तासांनी बदला, नंतर दर 100 तासांनी
– एअर फिल्टर धुऊन वाळवा
– पात्यांचे नटबोल्ट आवळा
– टू स्ट्रोक ब्रश कटर: पुस्तिकेत पेट्रोल-ऑइलचं प्रमाण 25:1 असेल तर लिटरला 40 मिली ऑइल, 50:1 असेल तर 20 मिली

पावसाळ्यातसुद्धा पंधरा दिवसांपेक्षा जास्त मशीन उभं राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, वाटी रिकामी होते. टाकीतलं ताजं असतानाच काढून मोटारसायकलमध्ये टाका, एक रुपयाही वाया जात नाही.

आणि वीडर ऐनवेळी दगा देतोय असं दिसलं तर त्याच्या नादात दिवस घालवू नका. पीक 15 ते 20 दिवसांचं, तण दोन-चार पानांवर आणि जमिनीत ओल असताना इमॅझेथापायर 10 टक्के एसएल हे तणनाशक एकरी 400 मिली, 200 लिटर पाण्यातून, स्वच्छ धुतलेल्या पंपाने. त्यात टॉनिक मिसळा म्हणतील, मिसळू नका. माझ्या रानात लव्हाळा हे तण यानं पिवळा पडून परत फुटला, म्हणून एक कोळपणी लागतेच. ती फुलं लागायच्या आत उरका, नंतर मुळं तुटतात. त्यासाठी कोळप्याच्या बैलजोडीवाल्याशी आत्ताच बोलून ठेवा, वाफसा आला की त्याच्या दारातही रांग लागते.