ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलची तयारी: पाणी किती, हे घरूनच ठरवून जा

एप्रन, सुती कपडे, बंद बूट, बांधलेले केस, सेफ्टी गॉगल यावर मी वेळ घालवणार नाही. सकाळची बॅच असेल तर पोहे-जलेबी खाऊन निघा. अ‍ॅनिलीनच्या वासात तीन तास उपाशीपोटी उभं राहवत नाही.

इंदूरला असा की आणखी कुठे, बीएस्सीच्या मुलांना तयारी म्हणजे सीनियरची फाइल उतरवून काढणं वाटतं. ती फाइल खुशाल उतरवा, पण आदल्या रात्री. बर्नर पेटल्यावर ती उघडायला कुणाला फुरसत नसते. सोबत एका कोऱ्या कागदावर स्वतःचं गणित करा. उदाहरण म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं नेहमीचं, अ‍ॅनिलीन आणि अ‍ॅसिटिक अनहायड्राइडपासून होणारं अ‍ॅसिटॅनिलाइड घेऊ. ५ मिली अ‍ॅनिलीन म्हणजे ५.१ ग्रॅम, म्हणजे ०.०५५ मोल. ६ मिली अ‍ॅसिटिक अनहायड्राइड म्हणजे ०.०६४ मोल. अ‍ॅनिलीन कमी आहे, तेव्हा यील्ड, म्हणजे हाती येणारा माल, त्याच्यावरून काढायचं: जास्तीत जास्त ७.४ ग्रॅम. व्हायवात विचारतात ते एवढंच.

रिअ‍ॅक्शन सोपी आहे. फ्यूम हूडखाली करा, अ‍ॅनिलीन कातडीला लागू देऊ नका, बर्फाच्या पाण्यात ओता, गाळा.

खरा घोळ पुढे, रिक्रिस्टलायझेशनला, म्हणजे कच्चा माल गरम पाण्यात विरघळवून, थंड करून शुद्ध स्फटिक काढायला. विद्यार्थी असताना मीही इथेच अडायचो, कारण फाइलमध्ये एकच ओळ असते: 'गरम पाण्यातून रिक्रिस्टलाइज करा.' किती पाण्यातून, ते लिहिलेलं नसतं. मग जो तो बीकर भरून पाणी ओततो आणि थंड झाल्यावर तळाशी चिमूटभर स्फटिक बघत बसतो.

हा आकडा घरीच काढता येतो. उकळत्या १०० मिली पाण्यात अ‍ॅसिटॅनिलाइड सुमारे ५ ग्रॅम विरघळतं. २५ अंशांच्या पाण्यात जेमतेम अर्धा ग्रॅम. म्हणजे ७ ग्रॅम कच्च्या मालाला १४० मिली पाणी हवं, आणि गाळताना वाटेतच स्फटिक धरू नयेत म्हणून वर १५-२० मिली. तुम्ही ३०० मिली ओतलंत, तर दीड ग्रॅम माल त्या पाण्यातच राहिला समजा. म्हणून पाणी एकदम ओतू नका. दुसऱ्या बीकरमध्ये उकळतं ठेवा आणि थोडं थोडं घाला.

आता तेलाचे थेंब. पाणी कमी असलं की ८३ अंशांच्या वर तळाशी पिवळसर, तेलकट थेंब दिसतात. 'ही अशुद्धी, गाळून टाक' असा सल्ला शेजारच्या टेबलावरून हमखास येतो. मुळीच ऐकू नका. ते तुमचं अ‍ॅसिटॅनिलाइडच आहे, पाण्याखाली वितळलेलं. ते गाळून टाकलंत तर यील्डच गाळून टाकलंत. थेंब दिसेनासे होईपर्यंत उकळतं पाणी घाला आणि ढवळत राहा. उलट, थेंब तसेच ठेवून द्रावण थंड केलंत तर अशुद्धी पोटात घेऊन गोळा होतो आणि मेल्टिंग पॉइंट खाली येतो.

रंग घालवायला चारकोल घालायचा असेल तर चिमटीभरच, आणि बर्नरवरून उतरवून द्रावण जरा निवल्यावर. उकळत्या द्रावणात टाकलात तर सगळं उसळून एप्रनवर येईल. चारकोल भरपूर घालण्याची हौसही नको. तो रंगाबरोबर मालही शोषतो. गाळण्यासाठी घडीचा फिल्टर पेपर आणि आधी गरम केलेलं फनेल घ्या. थंड फनेलच्या नळीत स्फटिक अडकले की बॅच गेलीच.

यानंतर हात लावू नका. द्रावण टेबलावर आपोआप निवू द्या, बर्फ नंतर. घाईने बर्फात ठेवलं की बारीक चुरा पडतो आणि तो मळकट असतो. स्फटिक येतच नसतील तर काचेच्या कांडीने बीकरची आतली बाजू खरवडा. इंदूरच्या मे महिन्यात टाकीचं पाणीच कोमट येतं, तेव्हा धुण्यासाठी थोडं पाणी आधीपासून बर्फात ठेवून द्या. धुवायचं तेही दोन चमचेच.

वाळवणं. ओले स्फटिक तोलून यील्ड १२० टक्के लिहिणारे दर बॅचला भेटतात. फिल्टर पेपरमध्ये दाबा, मग पसरून नीट वाळवा. पावसाळ्यात जास्त वेळ ठेवावं लागतं.

मेल्टिंग पॉइंट ११३ ते ११५ अंश यायला हवा. कॅपिलरीत २-३ मिलिमीटरच माल भरा, आणि १०० अंशांनंतर आच इतकी कमी करा की पारा मिनिटाला एक-दोन अंशच चढेल. थर्मामीटर तपासायला उकळत्या पाण्यात धरलात आणि ९८ दिसलं, तर लॅब असिस्टंटशी हुज्जत घालू नका. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. मेल्टिंग पॉइंटवर मात्र या उंचीचा फरक पडत नाही. तो १०९ आला तर दोष माळव्याच्या उंचीला देता येणार नाही. माल ओला आहे किंवा तेलकट गोळा तसाच राहिला आहे. वेळ उरला असेल तर पुन्हा विरघळवा.