ट्रॅफिकमध्ये गाडी तापते, हायवेवर नॉर्मल: फॅन क्लच बदलल्याचा माझा अनुभव

लक्षण असं: गाडी उभी असली की टेम्परेचरचा काटा वर चढायचा, एसीची हवा कोमट व्हायची, वेग घेतला की सगळं ठीक. कूलंट बदललं, थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर साफ केला. दोन महिने वाया गेले, फार वैताग आला.

शेवटी संशय फॅन क्लचवर गेला: इंजिन तापलं की रेडिएटरमागच्या पंख्याला आतल्या सिलिकॉन ऑइलच्या जोरावर इंजिनाबरोबर फिरवणारा भाग. गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवला. अडायला हवा होता, पण गरागरा फिरत राहिला. क्लचच्या पुढच्या स्प्रिंगभोवती तेलकट धुळीचं कडं होतं, म्हणजे आतलं सिलिकॉन ऑइल गळालेलं.

इंजिन थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. रेडिएटरची जाळी आणि पंखा यांच्यामध्ये पुठ्ठा सरकवला. जाळी फार नाजूक असते. आता महत्त्वाचं: क्लच वॉटर पंपावर धरून ठेवणारे चार नट बेल्ट ताणलेला असतानाच सैल करा. आधी बेल्ट काढलात तर पुली नटाबरोबरच फिरते. मग बेल्ट काढला, श्राउडचे (पंख्याभोवतीच्या आवरणाचे) बोल्ट काढले, श्राउड आणि पंखा एकत्रच वर उचलले. पंखा नव्या क्लचवर त्याच दिशेने बसवला. (नवा क्लच आडवा ठेवू नका, तेल गळू शकतं.) बसवताना नट हाताने, मग बेल्ट, शेवटी नट आलटून-पालटून समोरासमोरचे घट्ट. पंखा हाताने एक फेरी फिरवून पाती श्राउडला घासत नाहीत ना, ते पाहिलं.

आता अर्धा तास एसी लावून गाडी उभी ठेवली तरी काटा मध्यावरच.