४५०च्या हेलिकॉप्टरसाठी स्वस्त स्पीड कंट्रोलर: पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

४५० हा रिमोटवर उडणाऱ्या विजेच्या हेलिकॉप्टरचा एक आकार. हवेत असताना त्याची मोटर बंद पडली तर हात बसलेला माणूस ऑटोरोटेशन करून, म्हणजे खाली येतानाच्या वाऱ्यावर रोटर फिरता ठेवून, हेलिकॉप्टर सड्यावर (उघड्या कातळमाळावर) सुखरूप टेकवू शकतो. पण कंट्रोलरमधला बीईसी, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होंना (पाती वळवणाऱ्या छोट्या मोटरींना) वीज देणारा भाग गेला, तर स्टिक हलवून काही होत नाही. म्हणून स्वस्तातला ईएससी, म्हणजे मोटरचा हा स्पीड कंट्रोलर, घेताना आधी बीईसी बघा, अँपिअर नंतर. लेबलवर अँपिअर हवे तेवढे छापता येतात. बीईसीची खोट मात्र पहिल्याच जोराच्या गिरकीत उघडी पडते.

बीईसी दोन प्रकारचे असतात, लिनिअर आणि स्विचिंग. लिनिअरमध्ये जास्तीचा व्होल्टेज नुसता उष्णता होऊन जातो. हिशोब करून बघा: ३एस, म्हणजे तीन सेलची, बॅटरी पूर्ण चार्ज असताना १२.६ व्होल्ट देते, सर्व्होंना ५ हवेत. वरचे ७.६ व्होल्ट आणि २ अँपिअर धरले तरी १५ वॅट उष्णता झाली, तीही नखाएवढ्या चिपवर. ग्लायडरच्या दोन छोट्या सर्व्होंना हे चालून जातं. हेलिकॉप्टरमध्ये स्वॉशप्लेटचे (रोटरच्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या चकतीचे) तीन आणि शेपटीचा एक असे चार सर्व्हो असतात, आणि शेपूट स्थिर ठेवणाऱ्या जायरोमुळे शेपटीचा सर्व्हो अखंड हलत असतो. तेव्हा स्विचिंग बीईसीच घ्या, आणि ४५०ला सतत ३ अँपिअरपेक्षा कमी देणारा घेऊ नका. ५ मिळाला तर उत्तम. ‘पीक’ हा शब्द असलेला आकडा सरळ सोडून द्या. माहितीत लिनिअर की स्विचिंग हे लिहिलेलंच नसेल, तर लिनिअर समजून चाला.

आता अँपिअर. २२०० एमएएचची ३एस बॅटरी पाच मिनिटं उडवून ८० टक्के वापरली, तर १७६० एमएएच गेले. म्हणजे सरासरी २१ अँपिअर. कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा एकत्र कोन, झटक्यात वर ओढला की क्षणभर याच्या दुप्पट ओढ लागते. म्हणून ४५०ला सततच्या ४० अँपिअरचा कंट्रोलर ठरलेला. ३० अँपिअरचा नुसत्या हॉवरला, म्हणजे एका जागी तरंगायला, चालतो, पण एप्रिल-मेच्या पणजीतल्या दुपारी त्याच्यावर भरवसा नको. ६०चा घेतला तर बिघडत काही नाही, वजन तेवढं वाढतं. बॅटरीही तपासा: २२०० एमएएच आणि खरे २५सी (क्षमतेच्या २५ पट करंट) असतील तर ती ५५ अँपिअर देऊ शकते. तिच्यात दम नसेल तर महाग कंट्रोलर घेऊन उपयोग नाही.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते ‘४० अँपिअर म्हणजे ४० अँपिअर’ असं समजून विमानाचा कंट्रोलर घेण्यात. विमानाच्या कंट्रोलरमध्ये सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे मोटर हळूहळू वेगात आणायची सोय, बहुधा नसतो किंवा अगदी तोकडा असतो. मोटर एकदम झटका देते आणि मुख्य गियरचे प्लास्टिकचे दाते सोलून निघतात. दुसरी गोष्ट लो-व्होल्टेज कटऑफची, म्हणजे बॅटरी उतरली की मोटर कापण्याची. विमानात मोटर कापली तर ते तरंगत येतं, म्हणून तिथे ‘हार्ड’, म्हणजे एकदम कापणारा, कटऑफ खपतो. हेलिकॉप्टरला तो जीवघेणा. तिसरी गोष्ट गव्हर्नर. भार कमी-जास्त झाला तरी रोटरचा वेग एकसारखा ठेवणं हे त्याचं काम. तो नसला की वेग चढतो-उतरतो आणि त्याबरोबर शेपटी डोलते. मग माणूस जायरोच्या सेटिंगमध्ये तासन्‌तास घालवतो, आणि दोष असतो दुसरीकडेच. हॉबीविंगचंच उदाहरण घ्या: स्कायवॉकर मालिका विमानांसाठी, प्लॅटिनम मालिका हेलिकॉप्टरसाठी. नावं शेजारी दिसतात, कामं वेगळी आहेत. ड्रोनचा कंट्रोलर तर विसराच, बहुतेकांत बीईसीच नसतो.

गव्हर्नर लावताना हेड स्पीड, म्हणजे रोटरचा वेग, कागदावर काढून ठेवा. मोटर ३५०० केव्हीची (एका व्होल्टला मिनिटाला ३५०० फेरे) आणि बॅटरी ११.१ व्होल्टची असेल, तर गुणाकार ३८,८५०. भाराखाली त्यातले साधारण ८५ टक्के मिळतात, म्हणजे ३३,०००. पिनियन, म्हणजे मोटरवरचा छोटा गियर, १३ दात्यांचा आणि मुख्य गियर १५० दात्यांचा धरला तर रोटर मिनिटाला साधारण २८६० फेरे घेईल. हा कमाल आकडा झाला. गव्हर्नरला वर जागा लागते, म्हणून २५५०च्या आसपास ठेवा. सपाट १०० टक्के थ्रॉटल दिला तर भार वाढल्यावर त्याच्याकडे द्यायला काही उरत नाही.

नवशिके इथे हमखास एक चूक करतात. यंत्र जपायचं म्हणून थ्रॉटल ५०-६० टक्क्यांवर ठेवतात, आणि कंट्रोलर उलट जास्त तापतो. अर्धवट थ्रॉटलवर मॉसफेट, म्हणजे कंट्रोलरमधले वीज चालू-बंद करणारे स्विच, सतत उघडझाप करत असतात आणि करंट तुकड्यातुकड्यांनी ओढला जातो. वेग कमी हवा असेल तर पिनियन १२ किंवा ११ दात्यांचा बसवा, थ्रॉटल ७० टक्क्यांच्या वरच राहू द्या.

नवा कंट्रोलर हातात आला की मुख्य आणि शेपटीचे ब्लेड काढा आणि मोटर सैल करून पिनियन गियरपासून बाजूला घ्या. मगच थ्रॉटल रेंज शिकवा: स्टिक वर, बॅटरी जोडा, बीप ऐकले की स्टिक खाली. ब्रेक बंद. कटऑफ ‘सॉफ्ट’, सेलमागे ३ ते ३.२ व्होल्टवर. कटऑफची वाट मात्र बघायची नाही. रिमोटवर चार मिनिटांचा टायमर लावा आणि बॅटरी विसावल्यावर सेल ३.७च्या खाली गेलेले नाहीत ना, ते बघून तो कमी-जास्त करा.

यानंतरची चाचणी चुकवू नका. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलमध्ये मल्टिमीटरची टोकं लावा, दोन्ही स्टिक भराभर गोल फिरवा आणि दुसऱ्या कोणाला तरी स्वॉशप्लेट बोटांनी हलकीशी अडवायला सांगा. ५ व्होल्टचा आकडा ४.८च्या खाली उतरला तर तो बीईसी उडवण्याच्या लायकीचा नाही. साधा मीटर संथ असतो, खरी घट तो दाखवतो त्याहून जास्तच असते.

बाकी कंट्रोलर चांगला असेल तर तो टाकून द्यायची गरज नाही. ५ अँपिअरचा वेगळा स्विचिंग बीईसी लावा. कंट्रोलरकडून रिसीव्हरला जाणाऱ्या प्लगमधली लाल तार मधली असते. तिच्या पिनेवरची प्लास्टिकची जीभ टाचणीने उचला, तार मागे ओढून काढा, पिनेवर हीट श्रिंक चढवा आणि बाजूला बांधून ठेवा. दोन बीईसी एकाच रिसीव्हरला जोडू नका. आणि व्होल्टेज ६ करण्याआधी सर्व्होवरची माहिती वाचा. शेपटीचे कित्येक जुने सर्व्हो ५च्या वर टिकत नाहीत.

तारा कमी पडल्या तर मोटरकडच्या वाढवा, बॅटरीकडच्या नाही. बॅटरीची तार लांबली की व्होल्टेजचे उसळे वाढतात आणि कंट्रोलरचे कपॅसिटर ते झेलता झेलता फुगतात. वापरलेला कंट्रोलर घेताना आधी कपॅसिटरचं डोकं बघा. सपाट हवं, किंचितही फुगीर नको.

परदेशातून मागवायचा असेल तर, ९ फेब्रुवारी २०२२च्या अधिसूचनेने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुट्या भागांवर नाही. कस्टम ड्यूटी मात्र हिशोबात धरा. पहिल्या हॉवरआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा उघडा. दाबोळी आणि मोपा या गोव्यातल्या विमानतळांच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचं नाही. दोन मिनिटं हॉवर करून उतरा आणि हीटसिंकवर बोट ठेवा. तीन सेकंद टेकवता आलं नाही तर पिनियन आणि वाऱ्याची वाट तपासा.

आपल्याकडे खारी हवा आणि सड्यावरची तांबडी धूळ मिळून बोर्डावर ओलसर थर धरतो. नव्या कंट्रोलरचं श्रिंक उघडून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि कनफॉर्मल कोटिंगचे (बोर्डावर लावायच्या संरक्षक लेपाचे) दोन पातळ हात द्या. कनेक्टर आणि हीटसिंकचा पृष्ठभाग चिकटपट्टीने झाकून. मृगापासून चवथीपर्यंत यंत्र घरात राहतं, तेव्हा कंट्रोलर बॅटरीपासून सोडवून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. चवथीनंतर बाहेर काढला की आधी कनेक्टर बघा. हिरवट कळंक चढला असेल तर घासत बसू नका, कापून नवा सोल्डर करा.