बॉल पायथनच्या पेटीतील तापमान : या चुका टाळा

बॉल पायथनने खाणे सोडले, गिळलेला उंदीर परत बाहेर टाकला किंवा त्याच्या नाकपुडीशी बुडबुडे दिसू लागले, की पाळणारा आधी खाद्याला दोष देतो. पेटीतील तापमान तपासले का, असे विचारले तर तो थर्मोस्टॅटवरचा, म्हणजे ठरवलेल्या तापमानाप्रमाणे हीटर चालू-बंद करणाऱ्या उपकरणावरचा, आकडा सांगतो, आणि गडबड बहुधा तिथेच असते. थर्मोस्टॅटला केवळ त्याच्या सेन्सरजवळचे तापमान कळते. सापाचे पोट जिथे टेकते ती जागा किती तापली आहे, हे वेगळे मोजावे लागते.

पुढील विवेचन पश्चिम व मध्य आफ्रिकेतील या बिनविषारी सापापुरते आहे. आपल्याकडचे अजगर, नाग किंवा धामण घरी पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा ठरतो, आणि बॉल पायथन बाळगणाऱ्यालाही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

या सापाला पेटीच्या उबदार टोकाला, तो पहुडतो त्या पृष्ठभागावर, सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड टोकाला २५ ते २७ अंश तापमान मानवते. रात्रीही पेटी २३ अंशांखाली जाऊ देऊ नये. पचनासाठी तो उबेकडे सरकतो आणि पुरेसा तापला की दुसऱ्या टोकाला जातो. म्हणून संपूर्ण पेटी ३० अंशांवर एकसारखी राखणे नीटनेटके वाटले, तरी त्यामुळे सापाचा हा एकमेव उपाय हिरावला जातो. दोन्ही टोकांना लपण्याची जागा न देणे ही त्याचीच दुसरी बाजू आहे: आडोसा एकच असेल, तर बुजरा बॉल पायथन गारठला तरी किंवा उकडले तरी आडोसा सोडत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक सेन्सरच्या जागेची असते. पेटीखाली हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) आणि सेन्सर मात्र वर हवेत लोंबकळलेला, अशी मांडणी असेल, तर हवा ३२ अंशांपर्यंत पोहोचावी म्हणून मॅट चालूच राहते आणि तोवर तळाची काच ४५ अंशांच्याही पुढे जाऊ शकते. चटका बसला की साप आपणहून दूर होईल, या भरवशावर राहू नये. पोट भाजत असतानाही साप जागचा न हलल्याची उदाहरणे सरीसृपांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांच्या चांगल्या परिचयाची आहेत. सेन्सर मॅट आणि पेटीचा तळ यांच्यामध्ये, बाहेरून घट्ट चिकटवावा आणि सापाच्या जागी प्रत्यक्ष ३२ अंश येईपर्यंत थर्मोस्टॅटचा आकडा थोडाथोडा बदलत न्यावा. आत ठेवलेला सेन्सर साप रात्री बाजूला सारतो किंवा पाण्याच्या भांड्यात पाडतो. मग गार सेन्सरवर विसंबून थर्मोस्टॅट मॅट अखंड तापवत राहतो. तळाशी अंथरलेल्या कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) थर जाड केला, तर वरून गार लागणाऱ्या पेटीच्या तळाशी उष्णता कोंडते, आणि उकरून खाली गेलेल्या सापाला ती थेट पोटावर सोसावी लागते.

मोजण्यासाठी काचेला चिकटवायचे तबकडीचे थर्मामीटर पुरेसे नाही. प्रोब (तारेच्या टोकाचा सेन्सर) असलेले दोन डिजिटल थर्मामीटर, दोन्ही टोकांना एकेक, आणि शक्य असल्यास इन्फ्रारेड थर्मामीटर ठेवावे. मात्र इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त पृष्ठभागाचे तापमान देते आणि काचेआडून रोखले तर काचेचेच. प्रोबबद्दल शंका आली, तर भांडेभर चुरलेल्या बर्फात थोडे पाणी घालून, ढवळून त्यात तो बुडवावा; आकडा शून्याच्या आसपास आला नाही, तर फरक लिहून ठेवावा.

थर्मोस्टॅटचा खर्च वाचवण्यासाठी मॅटला पंख्याचा रेग्युलेटर जोडण्याची युक्ती आपल्याकडे सर्रास सुचवली जाते, आणि ती टाळावी असे माझे ठाम मत आहे. रेग्युलेटर वीज कमी-जास्त करतो, तापमान ओळखत नाही. जानेवारीत जुळवलेली खूण एप्रिलमध्ये साप भाजते. बल्ब वापरत असाल, तर प्रकाश हळूहळू मंद करणारा थर्मोस्टॅट घ्यावा, कारण साधा चालू-बंद होणारा थर्मोस्टॅट बल्बची सतत उघडझाप करतो. विजेवर तापणारे कृत्रिम दगड तर विकतच घेऊ नयेत.

लक्षणांवरूनही बरेच कळते. साप सतत उबदार टोकाला चिकटून असेल आणि खाद्य परत टाकत असेल, तर पेटी थंड आहे. अशा वेळी तापमान सुधारून किमान दहा-चौदा दिवस त्याला काही खायला देऊ नये आणि नंतर लहान उंदरापासून सुरुवात करावी. पाण्यात तासन् तास बसणे हे उकाड्याचे लक्षण असू शकते, पण गोचिडीसारखे बारीक परजीवी लागले किंवा कात टाकायची वेळ आली तरी तो तसाच बसतो. तोंड उघडून श्वास घेणे किंवा चिकट स्राव दिसणे यावर मात्र घरगुती प्रयोग न करता पशुवैद्याकडे जावे.

विदर्भातील मे महिन्यात प्रश्न उलटा होतो. खोलीच ३८ अंशांवर गेली, तर मॅट बंद ठेवूनही उपयोग नसतो. पेटी घरातील सर्वांत गार खोलीत, खिडकीच्या उन्हापासून दूर, जमिनीलगत न्यावी आणि कापडात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली थंड टोकाला बाहेरून टेकवावी. उन्हात ठेवलेली काचपेटी काही मिनिटांत जीवघेणी होते. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात वीज गेली, तर हवेची जागा मोकळी ठेवून पेटीभोवती गोधडी गुंडाळावी. एखादी गार रात्र निरोगी साप सोसतो, फक्त त्या दिवशी त्याला खाऊ घातलेले नसावे. हीट मॅट जेमतेम १५ ते ३० वॅटची असल्याने ती घरच्या इन्व्हर्टरवर सहज चालते.