रोबोटला दांडीवर लटकवायचं कसं? विद्यार्थी स्पर्धेसाठी चढणारी यंत्रणा

शेवटची घंटा वाजली तेव्हा आमचा रोबोट दांडीवर मस्त लटकत होता. पोरं नाचायला लागली. पंच गुण लिहायला आले तोवर तो सावकाश, लिफ्ट उतरावी तसा, खाली सरकत आला आणि मागची चाकं जमिनीला टेकली. पंधरा गुण गेले. एक पोरगी माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, पण आपण ब्रेक मोड लावला होता ना!"

लावला होता. तरी तो घसरला. का, ते पुढे येईलच. चढणाऱ्या यंत्रणेत वर जाणं हा सोपा भाग असतो. दांडीपर्यंत पोचणं, अंग वर ओढणं आणि तिथेच धरून राहणं ही तीन वेगळी कामं आहेत. नवे संघ ही तिन्ही एकाच भागाकडून करून घ्यायला जातात आणि तिथेच फसतात.

उदाहरणाला 'फर्स्ट' या संस्थेच्या शाळकरी रोबोट स्पर्धेचा, फर्स्ट टेक चॅलेंजचा, 2024-25 चा खेळ, 'इन्टू द डीप', घेऊ. सुरुवातीला रोबोट 18 इंचांच्या घनात मावला पाहिजे. त्या खेळात मैदानाच्या मध्यभागी दांड्या होत्या, खालची जमिनीपासून सुमारे 51 सेंटीमीटरवर आणि वरची सुमारे 91 वर. चढण्याच्या पहिल्या पातळीला 3 गुण होते, दुसरीला 15, तिसरीला 30. पहिल्या हंगामात दुसऱ्या पातळीवरच लक्ष ठेवा, म्हणजे खालच्या दांडीला लटकून जमीन सोडणं. तीस गुणांच्या मागे लागलेले आणि शेवटी तीनच घेऊन परतलेले संघ मी बरेच पाहिलेत.

पहिली पायरी: वजन आणि गुरुत्वमध्य

कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आराखड्यात, वजनाचा आकडा दिसतो त्यावर विसंबू नका. बॅटरी, वायरी, बंपर, उशिरा बसवलेला एखादा हात, असं सगळं मिळून दीड-दोन किलोची भर सहज पडते. सामान तोलायच्या हातातल्या वजनकाट्याला रोबोट टांगा आणि आकडा लिहून ठेवा. आपण 12 किलो धरू.

लगे हात गुरुत्वमध्यही काढा. रोबोटच्या एका कोपऱ्याला दोरी बांधून लटकवा, शेजारी गवंड्याचा ओळंबा सोडा आणि बाजूने फोटो घ्या. मग दुसऱ्या कोपऱ्याने लटकवून तेच करा. दोन्ही फोटोंत ओळंब्याची रेघ रोबोटवर आखली की जिथे त्या छेदतात तिथे गुरुत्वमध्य. दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुढचे चार दिवस वाचवतं.

कारण लटकलेला रोबोट स्वतःच ओळंबा होतो. दोरी त्याच्या अंगातून जिथून बाहेर पडते, त्या बिंदूच्या बरोबर खाली गुरुत्वमध्य येईपर्यंत तो झुकतो. समजा हा बिंदू गुरुत्वमध्याच्या 20 सेंटीमीटर वर आहे, पण 10 सेंटीमीटर पुढे. म्हणजे रोबोट साधारण 27 अंश झुकणार. पुढच्या-मागच्या चाकांत 34 सेंटीमीटर अंतर असेल तर मागची चाकं पुढच्यांपेक्षा 15 सेंटीमीटर खाली लोंबणार. पुढून रोबोट चांगला वर गेलेला दिसतो आणि मागचं टोक जमिनीवरच रेंगाळतं. मोटर बदलून उपयोग नाही, दोरी जिथून बाहेर पडते त्या कप्पीची जागा मागे घ्या. आणि दोरी गुरुत्वमध्याच्या खालून बाहेर पडत असेल तर रोबोट उलटतोच, ते प्रयोग करून बघायची गरज नाही.

दुसरी पायरी: पोचणं आणि ओढणं वेगळं करा

दांडीत अडकवायचा आकडा, म्हणजे हुक, वर न्यायला ताकद लागत नाही. आकडा आणि त्याची दोरी मिळून शंभर-दीडशे ग्रॅम भरतात, एखादी हलकी सरकती पट्टी आणि सर्वो (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरणारी छोटी मोटर) पुरतात. पट्टीच्या टोकावर आकडा नुसता खोचून ठेवायचा. तो दांडीवर बसला की पट्टी खाली घ्यायची, आकडा तिथेच राहतो आणि त्यामागे दोरी. मग खालच्या रिळाने ती गुंडाळायची. विहिरीवरचा रहाट, फक्त इथे बादलीऐवजी आपणच वर जातो.

वस्तू उचलायची लिफ्टच चढायलाही वापरू, असं प्रत्येक संघाला एकदा तरी वाटतं. जमतं, पण हिशेब करा. लिफ्टच्या तीन सरकत्या टप्प्यांच्या दोऱ्या कॅस्केड पद्धतीने, म्हणजे प्रत्येक टप्पा पुढच्याला ओढेल अशा, ओवल्या असतील तर टोक तिप्पट वेगाने हलतं, आणि त्याच हिशेबाने पहिल्या दोरीवर भारही तिप्पट येतो. बारा किलोचे छत्तीस झाले. शिवाय पट्ट्यांचे बेअरिंग सरळ भाराला बनवलेले असतात. रोबोट डोलला की आडवा ताण येतो आणि पट्टी वाकते. वाकलेली पट्टी सरळ करून पुन्हा गुळगुळीत चालवणारा माणूस मला अजून भेटायचाय.

तिसरी पायरी: मोटर आणि रीळ

गणित चौथीचं आहे. रिळाचा व्यास 3 सेंटीमीटर म्हणजे त्रिज्या दीड. 12 किलो गुणिले 1.5 म्हणजे 18 किलो-सेंटीमीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर. घर्षणासाठी पाचवा भाग वाढवा, साधारण 22 झाले.

गोबिल्डा कंपनीची 117 आरपीएमची (मिनिटाला 117 फेरे) यलो जॅकेट मोटर घेतली तर तिचा स्टॉल टॉर्क, म्हणजे ती अडून थांबते तेव्हाचा जोर, 68.4 किलो-सेंटीमीटर. एकच मोटर लावली तर ती स्टॉलच्या 32 टक्क्यांवर चालणार. चालेल, पण तापेल. दोन लावल्या तर प्रत्येकी 16 टक्के. मी नेहमी पंचवीस टक्क्यांच्या आत राहतो. रिळाचा परीघ 9.4 सेंटीमीटर, म्हणजे भार नसताना सेकंदाला 18 सेंटीमीटर दोरी गुंडाळली जाते, आणि भाराखाली 15 च्या आसपास. वीस सेंटीमीटर उचलायला दीड सेकंदही लागत नाही. याहून वेग कशाला हवा?

एक पथ्य मात्र पाळा: चढताना चाकांच्या मोटरी बंद. या मोटरी अडकल्या तर प्रत्येकी 9 अँपिअरच्या वर खेचतात आणि बॅटरीचा फ्यूज 20 अँपिअरचा असतो. दोन चढायच्या आणि चार चाकांच्या एकदम ताणल्या तर काय होईल ते सांगायला नको.

रिळाला दोन्ही बाजूंनी उंच कड हवी. कड बुटकी असेल तर ढिली पडलेली दोरी बाहेर पडून शाफ्टवर गुंडाळते, आणि तो गुंता ब्लेडनेच सुटतो. दोरी पूर्ण सोडल्यावरही रिळावर तीन वेढे राहतील एवढी ती लांब ठेवा, म्हणजे भार वेढ्यांवर येतो, गाठीवर नाही. डायनीमा या कृत्रिम धाग्याची दोरी मजबूत असते पण गुळगुळीत, साधी गाठ सरकून सुटते. आठाची गाठ मारा, शेपूट बोटभर ठेवा. दोन आकडे असतील तर दोन्ही रिळं एकाच शाफ्टवर घ्या, नाहीतर रोबोट कलंडत वर जातो.

चौथी पायरी: अढी

आता सुरुवातीची गोष्ट. ब्रेक मोड म्हणजे ब्रेक नव्हे. त्यात कंट्रोलर मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडतो. मोटर फिरली की तिच्यात वीज तयार होते आणि तीच फिरण्याला विरोध करते. पण मुळात फिरली तरच! थांबलेल्या मोटरला कोणीच धरलेलं नसतं, म्हणून बारा किलोचा भार तिला सावकाश फिरवत खाली येतो. आमचंही तेच झालं.

मल्लखांबात पायांची अढी घट्ट बसल्याशिवाय हात सुटत नाही. रोबोटलाही अढी हवी, विजेशिवाय टिकणारी. फर्स्टच्या मोठ्या गटाच्या 2022 च्या खेळात, 'रॅपिड रिॲक्ट'मध्ये, एकाहून एक उंच अशा चार दांड्या होत्या, सगळ्यात वरची 91 इंचांवर. तिथपर्यंत पोचणारे रोबोट हेच करायचे: एक आकड्यांची जोडी धरून राही, दुसरी पुढची दांडी गाठे.

तुमच्यापुढे दोन सोपे पर्याय आहेत. वर्म गिअर उलटा फिरत नाही, पण घर्षणात बरीच ताकद खातो. म्हणून मला रॅचेट आवडतो: दातेरी चाक आणि त्यावर स्प्रिंगने दाबलेला खटका. चाक एका बाजूला कट-कट करत फिरतं, दुसऱ्या बाजूला अडतं. तो रिळाच्याच शाफ्टवर बसवा, मोटरच्या नको. मोटरकडची चेन तुटली तरी रोबोट लटकलेला राहिला पाहिजे. आकडा वर नेताना दोरी सुटायला हवी, तेव्हा एका छोट्या सर्वोने खटका उचलून धरा.

पाचवी पायरी: गच्चीवर सराव

दांडीचा व्यास नियमपुस्तिकेतून घ्या, तेवढाच पाइप आणा आणि गच्चीत दोन भक्कम टेबलांमध्ये योग्य उंचीवर आवळून बांधा. खाली जुनी गादी टाका. आधी रोबोटऐवजी दुप्पट वजनाची वाळूची पोती लटकवून अर्धा तास सोडून द्या, मग रोबोट. ताजी बॅटरी, अर्धी बॅटरी, तिरका आलेला रोबोट, शेजारी रोबोटने धक्का दिलेला, सगळं करून बघा. सलग वीसदा जमलं तर स्पर्धेत वापरा, अठरादा जमलं तर नाही.

चढायचं बटण एकच नको, दोन एकदम दाबायची ठेवा. मधेच चुकून दबलं तर आकडा हवेत आणि सामना हातचा गेला. शेवटचे तीस सेकंद सुरू होताच गेमपॅड थरथरेल अशी ओळ कोडमध्ये घाला, गोंगाटात चालकाला घड्याळ दिसत नाही.

आणि रोबोट खाली कसा काढणार? सामना संपल्यावर वीज बंद असते, सर्वो हलत नाही, खटका अडकलेला. म्हणून खटक्याला बाहेरून बोट घालता येईल असं एक कान ठेवा. दोघांनी खालून वजन पेलायचं, तिसऱ्याने कान ओढायचं. कान ओढणाऱ्याचं बोट दात्यांपासून लांब राहील अशा बाजूला ते काढा. आमच्या पहिल्या आवृत्तीत ते चुकीच्या बाजूला होतं, आणि माझ्या उजव्या तर्जनीवर त्याची खूण अजून आहे.