सशाच्या पांढऱ्या मादीखाली काळी पिल्लं : मादी विकण्याआधी वही काढा

दिवाळी सरली, थंडी पडली. उन्हाळ्यात पारा तिशीच्या वर गेल्यापासून थंडावलेले नर आता कामाला लागलेत. आणि मला दरवर्षीचा तोच फोन येऊ लागलाय : "मादी पांढरी, नर पांढरा, मग पिल्लं काळी कशी? मादीच खोटी निघाली, विकून टाकतो."

थांबा. आधी मेटिंगची वही काढा. वही नसतेच, दुखणं तिथेच आहे.

गेल्या पौषात निफाडकडच्या एका शेडवर तीन दिवसांची सात पिल्लं पाहिली. पाच गुलाबी, दोन पाटीसारखी करडी. डोळे उघडायला अजून आठवडा होता, पण गुलाबी पिल्लांच्या मिटल्या पापणीखाली लालसर झाक होती आणि करड्यांच्या पापणीखाली काळा ठिपका. न्यूझीलंड व्हाइट या पांढऱ्या जातीचा पांढरा हा मुळात रंगच नाही. रंग तयार करणारा जनुक आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून बंद आलेला असतो, म्हणून केस पांढरे आणि डोळे लाल. असे दोन ससे एकत्र आले तर पिल्लू पांढरंच होणार. काळं निघालं म्हणजे बाप दुसरा.

मालकाच्या मुलाला विचारलं तेव्हा उलगडा झाला. सकाळी पांढरा नर लावला होता, आणि संध्याकाळी 'खात्री म्हणून' चिंचिला या राखाडी जातीच्या क्रॉसचा. सशाच्या मादीत बीज सुटतं ते मेटिंगनंतर साधारण 10 तासांनी, त्यामुळे एकाच वेतात दोन बाप सहज होतात. दुसऱ्यांदा लावायचं असेल तर तोच नर लावा. हे कळलं तोवर मादी बाजारात गेली होती, आणि सातातली चार पिल्लं दुधावाचून मेली.

रंगाची उतरंड ध्यानात ठेवा : पूर्ण रंग, त्याखाली चिंचिला, त्याखाली कॅलिफोर्नियन (अंग पांढरं, नाक-कान काळे), सगळ्यात खाली पांढरा. वरचा खालच्याला झाकतो. सोव्हिएत चिंचिला आणि पांढरी यांची पहिली पिढी बहुधा चिंचिलाच दिसते. त्यातलेच नर-मादी एकमेकांना लावले की चारांत एक पांढरं येतं, आणि पांढरीच्या पोटात काळा दडलेला असेल तर काळपटही निघतात. पांढरा ससा आपल्याखाली काय दडवून बसलाय हे नुसतं बघून कळत नाही. म्हणूनच कानावर नंबर नसलेली 'शुद्ध' जोडी मी मिश्रच धरतो. हा माझा ठोकताळा आहे, पण फारसा चुकलेला नाही.

रंगीत नर पोटात पांढरा बाळगून आहे का हे पाहायचंय? पांढरी मादी लावा. एक जरी पिल्लू पांढरं आलं तरी पक्कं. तो पांढरा बाळगून असता, तर सातच्या सात रंगीत येण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी. या तपासणीला खर्च शून्य. वही मात्र हवी.

आता थंडीचं, आणि हे या आठवड्यातच करा. कॅलिफोर्नियनच्या अंगात रंग बनवणारं द्रव्य फक्त गार भागावर काम करतं, म्हणून नाक, कान, पाय आणि शेपूट तेवढी काळी. मादी जिच्यात विते ती पेटी गारठली की पिल्लांच्या अंगभर राखाडी झाक येते. ती भेसळ नव्हे. पहिली केसगळ झाली की बहुधा जाते. पण ती झाक दिसली म्हणजे पिल्लं गारठली होती, हे नक्की. उघडी पिल्लं एका थंड रात्रीत जातात. पेटीत सुका पेंढा घाला, मादीने उपटलेले केस फेकू नका, वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावा. वरची फट मात्र उघडी ठेवा, नाहीतर मुताचा वास कोंडतो.

चट्टेरी जोड्या सध्या महाग विकल्या जातात. चट्टेरीला चट्टेरी लावली की चारांत एक पिल्लू जवळजवळ पांढरं, काळ्या डोळ्यांचं येतं. अशांचं मोठं आतडं बऱ्याचदा कमजोर असतं, खाऊनही ती खंगतात. चट्टेरीला सलग रंगाचाच जोडीदार द्या. निम्मी चट्टेरी मिळतात आणि ही भानगड टळते. 'रंग खुलवणारं' टॉनिक घेऊ नका, जनुक बाटलीतून बदलत नाही.

नेहमीची कामं :
– मादी नराच्या पिंजऱ्यात न्या, उलट नको
– पेटी 27–28 व्या दिवशी, वेत साधारण 31 व्या दिवशी
– दुसऱ्या मादीखाली टाकलेल्या पिल्लाच्या कानावर खूण
– सख्खी भावंडं एकमेकांना लावू नका
– कानात खपल्या दिसल्या तर आयव्हरमेक्टिन 0.2 मि.ग्रॅ. प्रति किलो, कातडीखाली, डॉक्टरकडूनच. 1 टक्क्याच्या औषधातून 3 किलोच्या सशाला 0.06 मि.लि. बसतं, ते इन्सुलिनच्या सिरिंजसारख्या बारीक सिरिंजशिवाय मोजता येत नाही
– कुत्र्याचं गोचीड-पिसवांवरचं फिप्रोनिल सशाला कधीच नको, ससा मरू शकतो

वही म्हणजे 20 रुपयांची शाळेची. पिंजऱ्याच्या खांबालाच दोरीने बांधा, पेन्सिलसकट. घरात ठेवली की भरली जात नाही. एवढंच लिहा :

12 नोव्हेंबर, सकाळ. मादी 14, नर 3.
9 डिसेंबर, पेटी ठेवली.
13 डिसेंबर, 7 पिल्लं. 7 पांढरी.